पंपाच्या देखभाल-पुस्तिकेत ‘डिस्कनेक्ट’ हे एकच क्रियापद सर्वत्र चालेल का?

पुस्तिकाकार (प्रश्न)

नमस्कार. मी पंप तयार करणाऱ्या एका कारखान्यात तांत्रिक लेखनाचे काम करतो. आमचे पंप परदेशात जातात, तसेच राज्यातील साखर कारखान्यांत आणि पाणीपुरवठा योजनांतही बसवले जातात. त्यामुळे एकच इंग्रजी देखभाल-पुस्तिका दोन अगदी निराळ्या वाचकांच्या हाती पडते. एक इंग्रजीतच वावरणारा परदेशी अभियंता असतो, आणि दुसरा आयटीआय झालेला आपला फिटर, जो इंग्रजी वाक्य वाचतो खरा, परंतु त्याचा अर्थ मनात मराठीत लावून मगच पाना हातात घेतो.

सध्या मी मेकॅनिकल सील (फिरत्या शाफ्टभोवतीची गळती रोखणारा भाग) बदलण्याचे प्रकरण लिहीत आहे. पंप मागच्या बाजूने उघडणारा आहे, म्हणजे केसिंग (पंपाचे बाहेरचे कवच) पाइपांना जोडलेले तसेच ठेवून, आणि मोटरही जागेवरून न हलवता, मधला फिरता भाग मागे ओढून बाहेर काढता येतो. या कामात मोटरचा वीजपुरवठा, सीलला पाणी देणारी बारीक नळी, प्रेशर गेज, मोटर व पंप यांचे शाफ्ट जोडणारे कपलिंग आणि केसिंगचे मागचे झाकण अशा पाच ठिकाणी काही ना काही सोडवावे लागते, आणि मसुद्यात या पाचही ठिकाणी ‘डिस्कनेक्ट’ हेच क्रियापद आलेले आहे. तपासणीत वरिष्ठांनी असे सुचवले की तोच तो शब्द कंटाळवाणा वाटतो, तेव्हा कुठे ‘डिटॅच’, कुठे ‘सेपरेट’, कुठे ‘आयसोलेट’ असा आलटून पालटून वापर करावा. हे शब्द खरोखरच एकमेकांच्या जागी चालतात का, आणि चालत नसतील तर निवड कोणत्या निकषावर करावी, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

त्याला लागून आणखी दोन शंका आहेत. या क्रियापदांपुढे ‘फ्रॉम’ लावावे की ‘विथ’, याबाबत आमच्या कार्यालयात एकमत नाही. शिवाय पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरील हमीच्या अटींमध्ये ‘सेव्हर’ (तोडून वेगळे करणे) या क्रियापदापासून बनलेला शब्द आहे, तोही सोपा करून ‘डिस्कनेक्ट’च्या रांगेत आणावा अशी सूचना आली आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अनुवादिका

आपल्या वरिष्ठांची सूचना ललित लेखनाला शोभेल, देखभाल-पुस्तिकेत मात्र ती अपघाताला निमंत्रण देणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुस्तिकेत शब्द बदलला की कृतीही बदलली, असे वाचणारा धरून चालतो. चौथ्या पायरीत ‘डिस्कनेक्ट’ आणि सहाव्या पायरीत ‘डिटॅच’ दिसले, की येथे काही वेगळे करायचे आहे की काय या विचाराने चांगला फिटर थबकतो, आणि घाईतला फिटर मनाला येईल तो अर्थ लावतो. विमान-उद्योगाने याच कारणासाठी १९८० च्या दशकात इंग्रजीचे एक नियंत्रित रूप तयार केले, जे आज ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ या नावाने ओळखले जाते. एका शब्दाला एकच अर्थ आणि एकच व्याकरणिक काम, हा त्याचा पाया आहे. त्यात ‘फॉलो’ म्हणजे केवळ पाठोपाठ येणे, सूचना पाळणे या अर्थाने तो शब्द वापरायचा नाही. ‘फॉल’ म्हणजे गुरुत्वाकर्षणाने खाली येणे, तापमान उतरणे या अर्थाने तो चालत नाही. ‘टेस्ट’ हे फक्त नाम आहे. असे निर्बंध लेखकाला जाचक वाटतात, पण हँगरमध्ये रात्रपाळीला काम करणाऱ्या आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्या तंत्रज्ञाला त्यांचाच आधार असतो.

तथापि यावरून ‘डिस्कनेक्ट’ सगळीकडे चालवून घ्यावा, असे मात्र ठरत नाही. एका अर्थाला एक शब्द हवा हे खरे, पण आपल्या यादीतील पाच जोड एकाच जातीचे नाहीत. आपण मराठीत हा भेद न शिकवताच पाळतो. फूल खुडतात, फळ तोडतात, साल सोलतात, शिवण उसवतात, गाठ सोडतात आणि कोंडा पाखडतात. क्रिया दर वेळी वेगळे करण्याचीच असते, पण ती वस्तू आधी कशाने धरलेली होती यावरून क्रियापद ठरते. इंग्रजीतील या शब्दांनाही मी हाच निकष लावते.

‘डिस्कनेक्ट’ तेथे शोभतो जेथे जोडातून काहीतरी वाहत असते किंवा पुढे जात असते, मग ते पाणी असो, वीज असो, हवा असो किंवा संदेश असो. या क्रियापदाने तो मार्ग तुटतो, वस्तू स्वतः कुठे जाते याविषयी ते काहीच सांगत नाही. नळी सोडवून ती तशीच बाजूला लोंबत ठेवली तरी ती ‘डिस्कनेक्ट’ झालेली असते. ‘डिटॅच’मध्ये एक मोठी वस्तू आणि तिच्यावर अडकवलेली एक लहान वस्तू असे नाते गृहीत असते, लहान वस्तू मोठीवरून निघून येते, दोन्ही शाबूत राहतात आणि पुन्हा जोडता येतात. पावतीचा खालचा भाग किंवा जॅकेटची टोपी ‘डिटॅच’ होते ती याच अर्थाने. ‘अटॅच’ आणि ‘डिटॅच’ ही फ्रेंचमधून आलेली जोडी आहे आणि तिच्या मुळाशी खुंटाला बांधण्याची कल्पना आहे असे कोशकार सांगतात, ते या वापराशी जुळते. ‘सेपरेट’ला मात्र जोड कसा होता याच्याशी कर्तव्य नसते. दोन वस्तू लागून आहेत, चिकटलेल्या आहेत किंवा मिसळलेल्या आहेत, आणि आता त्यांच्यात अंतर पडते, एवढेच ते सांगते. दुधातून साय वेगळी होते तेव्हा हेच क्रियापद येते, तेथे ‘डिस्कनेक्ट’ म्हणणे हास्यास्पद होईल.

आता आपल्या पंपाकडे वळू. सीलच्या बारीक नळीला ‘डिस्कनेक्ट’ अगदी योग्य आहे. गेजसाठी मी ‘रिमूव्ह’ लिहीन, कारण गेज आट्यांवरून सोडवून पूर्णपणे काढून सुरक्षित ठेवायचा असतो, नुसता सुटा करायचा नसतो. कपलिंगविषयी मला सर्वांत अधिक सांगायचे आहे. मागून उघडणाऱ्या पंपाला बहुधा मध्ये स्पेसर, म्हणजे काढता येणारा मधला तुकडा, असलेले कपलिंग असते, आणि ‘कपलिंग डिस्कनेक्ट करा’ असे लिहिले तर फिटरला स्पेसर काढायचा की दोन्ही शाफ्टवर बसवलेले कपलिंगचे भाग, म्हणजे हब, ओढून काढायचे हे कळत नाही. हब उगाच ओढले गेले तर पुढचे सगळे संरेखन पुन्हा करावे लागते. तेव्हा तेथे क्रियापदाचा सूक्ष्म विचार करण्यापेक्षा वस्तूचे नाव नेमके द्यावे आणि ‘स्पेसर काढा’ असेच लिहावे.

मागच्या झाकणाला ‘सेपरेट’ हवा, आणि त्याचे कारण प्रत्यक्ष काम पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. सगळे नट काढून झाले तरी झाकण सुटत नाही, कारण जुने गॅस्केट (गळती रोखणारा मधला पातळ थर) दोन्ही पृष्ठांना धरून बसलेले असते. आपले फिटर याला ‘जॉइंट फोडणे’ म्हणतात. झाकणाला दिलेल्या आटेदार भोकांत जॅक स्क्रू घालून ते समोरासमोर, आळीपाळीने आणि थोडे थोडे फिरवले की झाकण सरळ मागे सरकते. एकाच बाजूचा स्क्रू आवळत गेले तर झाकण तिरके होऊन अडकते. बांधणारी वस्तू येथे आधीच निघालेली आहे आणि उरला आहे तो केवळ चिकटपणा, म्हणून या पायरीला ‘डिस्कनेक्ट’ किंवा ‘डिटॅच’ यांतले काहीच नेमके बसत नाही.

वीजपुरवठ्याविषयी विजेच्या क्षेत्रातील कोणी अधिकाराने सांगावे. हमीच्या अटींतील शब्दाला कायद्याच्या जाणकाराला विचारल्याशिवाय हात लावू नये, एवढेच म्हणते.

वीजतंत्री

वरील निकष मला पूर्णपणे मान्य आहे. वीजपुरवठ्याच्या पायरीपुरते अधिक स्पष्टपणे लिहितो, कारण येथे चुकीच्या क्रियापदाने माणूस दगावू शकतो.

विजेच्या कामात चार निरनिराळ्या कृती आहेत आणि बोलताना आपण त्या सगळ्यांना ‘लाइन बंद केली’ म्हणतो. पहिली, यंत्र थांबवणे, म्हणजे लाल बटण दाबणे. दुसरी, स्विच किंवा ब्रेकरने प्रवाह तोडणे. तिसरी, ‘आयसोलेट’ करणे, म्हणजे पुरवठा आणि यंत्र यांच्यात भरवशाचे अंतर निर्माण करून ते कोणाकडूनही परत जोडले जाणार नाही अशी व्यवस्था करणे. चौथी, ‘डिस्कनेक्ट’ करणे, म्हणजे टर्मिनल बॉक्स उघडून केबलच्या तारा मोटरपासून प्रत्यक्ष सोडवणे. आपल्या पुस्तिकेत ‘डिस्कनेक्ट द मोटर’ एवढेच लिहिले, तर एक वाचक नुसते बटण दाबेल, दुसरा ब्रेकर पाडेल आणि तिसरा खरोखरच टर्मिनल बॉक्स उघडून तारा सोडवू लागेल, जे सील बदलण्यासाठी मुळीच आवश्यक नाही आणि परत जोडताना फेज उलटसुलट होऊन मोटर उलटी फिरण्याचा धोका मात्र निर्माण करते. आपल्याला हवी आहे ती तिसरी कृती, आणि तिला ‘आयसोलेट’ हाच शब्द आहे.

अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांमध्ये १९८९ साली आलेले ऊर्जा-नियंत्रणाचे कलम, ज्याला सर्वत्र ‘लॉकआउट-टॅगआउट’ म्हणून ओळखतात, हा भेद फार नेमकेपणाने करते. ऊर्जा रोखणारे साधन म्हणजे जे प्रत्यक्ष यांत्रिकरीत्या ऊर्जा पुढे जाऊ देत नाही ते, आणि पुश बटण किंवा सिलेक्टर स्विच यांसारखी नियंत्रण-परिपथातील साधने त्यात धरली जाणार नाहीत, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. आपला माल अमेरिकेला जात असेल, तर तेथील वाचक ‘आयसोलेट’ हा शब्द याच अर्थाने वाचेल आणि त्यापाठोपाठ कुलूप व फलक लावण्याची सूचना शोधेल. पंपाला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह, असेल तर पुरवठा तोडल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहतो, म्हणून ड्राइव्ह बनवणाऱ्याने सांगितलेला वेळ थांबून, मीटरने तपासून मगच हात लावावा, हेही त्याच पायरीत आले पाहिजे.

येथे एक गुंतागुंत आहे. आपण उपकेंद्रात ज्याला ‘आयसोलेटर’ म्हणतो त्याला आंतरराष्ट्रीय मानकांत ‘डिस्कनेक्टर’ म्हणतात, तेव्हा नामाच्या पातळीवर हे दोन शब्द एकाच साधनाला लागू होतात. त्या साधनाचे वैशिष्ट्य असे की ते भार चालू असताना उघडायचे नसते. आधी ब्रेकर पाडायचा, मग आयसोलेटर उघडायचा, त्याची पाती खरोखर दूर झाली आहेत हे डोळ्यांनी पाहायचे आणि नंतर वाहिनी जमिनीशी जोडणारा ‘अर्थ’ स्विच लावायचा, हा क्रम यार्डात काम करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. भार असताना आयसोलेटर ओढला तर पात्यांमध्ये आर्क पेटते आणि ती विझवण्याची सोय त्या साधनात नसते. म्हणूनच नुसते ‘डिस्कनेक्टर उघडा’ असे न लिहिता त्याआधीची पायरी लिहिणे बंधनकारक समजावे.

कर्म बदलले की क्रियापद बदलते याचे उत्तम उदाहरण आपल्याच वीज कायद्यात सापडते. वीज अधिनियम, २००३ च्या कलम ५६ मध्ये, थकबाकी असलेल्या ग्राहकाला किमान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन पुरवठा ‘कट ऑफ’ करता येईल, आणि त्यासाठी वीजवाहिनी ‘कट’ किंवा ‘डिस्कनेक्ट’ करता येईल, अशी रचना आहे. पुरवठा हा प्रवाह आहे, म्हणून तो ‘कट ऑफ’ होतो. वाहिनी ही वस्तू आहे, म्हणून ती ‘डिस्कनेक्ट’ होते. गावात लोक दोन्हींना ‘कनेक्शन तोडले’ म्हणतात आणि कार्यालयात कायमस्वरूपी तोडलेल्या जोडणीला ‘पीडी’ म्हणतात, पण कायद्याचा मसुदा लिहिणाऱ्याने हा फरक सोडलेला नाही.

घाटमाथा

मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे. ‘कपलिंग’चा उल्लेख वाचून लिहावेसे वाटले, कारण आमच्याकडे हे तीन-चार शब्द एकाच कामात, ठरलेल्या क्रमाने येतात आणि त्यांची अदलाबदल कधीही होत नाही.

भोर घाटाचा चढ १ : ३७ इतका तीव्र असल्याने कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिने लावतात आणि घाट चढून झाल्यावर लोणावळ्याला ती काढतात. इंजिन लावणे म्हणजे ‘अटॅच’, काढणे म्हणजे ‘डिटॅच’. हे शब्द गाडीच्या दृष्टीने आहेत, कारण गाडी ही मुख्य वस्तू आणि इंजिन किंवा जादा डबा ही तिला लागलेली वस्तू, म्हणजे वर अनुवादिका यांनी सांगितलेलाच निकष. दोन डब्यांमधला प्रत्यक्ष जोड सोडवणे याला मात्र ‘अनकपल’ म्हणतात. आणि हवेच्या नळ्या सोडवणे याला ‘डिस्कनेक्ट’.

जुन्या स्क्रू कपलिंगच्या डब्यांवर हे काम कसे होते ते सांगतो. आधी गाडी थांबवून हालचाल होणार नाही याची खात्री करतात. मग पॉइंट्समन दोन डब्यांच्या मध्ये उतरून दोन्ही बाजूंचे अँगल कॉक (हवेच्या नळीचे झडप) बंद करतो, कारण ब्रेक पाइपमध्ये ५ किलो आणि फीड पाइपमध्ये ६ किलो प्रति चौरस सेंटीमीटर इतका दाब असतो आणि कॉक उघडा असताना नळी सोडवली तर तिचे लोखंडी टोक फटकन अंगावर येते. कॉक बंद झाल्यावर नळ्या ‘डिस्कनेक्ट’ करायच्या, त्यानंतर स्क्रू ढिला करून साखळी हुकावरून उचलायची, म्हणजे डबे ‘अनकपल’ झाले. त्यानंतर इंजिन पुढे गेले की ते गाडीपासून ‘डिटॅच’ झाले असे नोंदवहीत लिहिले जाते. नळ्या जोडलेल्या ठेवून ‘अनकपल’ केले तर इंजिन निघताना त्या ताणून फाटतात, तेव्हा या शब्दांचा क्रम हाच सुरक्षेचा क्रम आहे.

धावत्या गाडीचा जोड आपोआप तुटला तर त्यासाठी आमच्या नियमपुस्तकांत ‘ट्रेन पार्टिंग’ असा वेगळाच शब्द आहे. ‘अनकपल’ माणसाने केलेले असते आणि ‘पार्टिंग’ घडलेले असते. तसे झाले की ब्रेक पाइप तुटून दाब उतरतो आणि दोन्ही भागांचे ब्रेक लागतात. आपल्या पुस्तिकेत दोष शोधण्याचे कोष्टक असेल, तर आपोआप तुटलेल्या वस्तूसाठी आणि मुद्दाम सोडवलेल्या वस्तूसाठी असेच वेगवेगळे शब्द ठेवावेत, असे सुचवतो. कपलिंगचा रबरी भाग तुटला असेल तर तो ‘डिस्कनेक्ट’ झाला असे लिहू नये.

कलमदर्शी

हमीच्या अटींविषयी थोडक्यात लिहितो. ‘सेव्हर’ आणि ‘सेपरेट’ हे दोन्ही एकाच लॅटिन क्रियापदातून आलेले सख्खे शब्द आहेत, परंतु कायद्याच्या इंग्रजीत ‘सेव्हर’ला स्वतःचे स्थान मिळाले आहे आणि तेथे दुसरा शब्द चालत नाही. करारातील एखादे कलम न्यायालयात अवैध ठरले तर तेवढेच गळून पडावे आणि उरलेला करार टिकून राहावा, यासाठी ‘सेव्हरेबिलिटी’चे कलम घातलेले असते.

घटनात्मक कायद्यात हे तत्त्व आपल्याच राज्याच्या एका खटल्यामुळे विद्यार्थ्यांना परिचित आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ ला आव्हान दिले गेले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली बलसारा खटल्यात त्यातील काही तरतुदी रद्द केल्या आणि बाकीचा कायदा कायम ठेवला. पुढे १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात, कायद्याचा वैध भाग अवैध भागापासून कधी निराळा काढता येतो आणि कधी येत नाही, याच्या कसोट्या न्यायालयाने सविस्तर मांडल्या. नळी पुन्हा जोडता येते, परंतु करारातून असे वगळलेले कलम परत जोडले जाणार नसते, त्यामुळे तेथे ‘डिस्कनेक्ट’ घातला तर अर्थच बदलेल. ‘जॉइंट अँड सेव्हरल’ जबाबदारीतील ‘सेव्हरल’ हाही याच कुळातला असून त्याचा अर्थ ‘अनेक’ असा नाही, तर ‘प्रत्येकाची स्वतंत्र’ असा आहे. हे पान जसे आहे तसेच ठेवावे.

इंग्रजी_अध्यापक

‘फ्रॉम’ की ‘विथ’ या शंकेचे उत्तर निःसंदिग्ध आहे. ‘डिस्कनेक्ट’, ‘डिटॅच’, ‘सेपरेट’, ‘अनकपल’ या चारही क्रियापदांपुढे ‘फ्रॉम’च येतो. ‘विथ’ आपल्याकडे कोठून शिरतो हे पाहण्यासारखे आहे. मराठीत आपण ‘त्याच्याशी संबंध तोडला’ असे म्हणतो आणि हा ‘शी’ इंग्रजीत नेताना ‘विथ’ होतो. मात्र तो ‘शी’ तोडण्याचा नसून संबंधाचा आहे. ‘सेव्हर टाइज विथ’ या इंग्रजी प्रयोगात ‘विथ’ बरोबर ठरतो तो त्याच कारणाने, कारण तो ‘टाइज’ या नामाला लागलेला आहे. ‘टाइज’ नाहीसा झाला की ‘विथ’ही गेला पाहिजे. ‘पार्ट’ हे क्रियापद दोन्ही घेते, पण अर्थ बदलून. ‘पार्ट फ्रॉम’ म्हणजे एखाद्या व्यक्तीपासून दुरावणे आणि ‘पार्ट विथ’ म्हणजे जवळची वस्तू देऊन टाकणे.

पुस्तिका लिहिणाऱ्याने ‘अँड’विषयीही सावध असावे. ‘सेपरेट द पंप अँड द मोटर’ याचा अर्थ दोघांना एकमेकांपासून दूर करणे असा होतो, परंतु ‘डिस्कनेक्ट द पंप अँड द मोटर’ याचा अर्थ दोघांनाही तिसऱ्या कशापासून तरी तोडणे असाच लागतो, आणि तो तिसरा म्हणजे बहुधा वीजपुरवठा. ‘डिस्कनेक्ट’बरोबर नेहमी ‘हे’ आणि ‘त्यापासून’ अशी दोन्ही कर्मे लिहिण्याची सवय ठेवावी.

मराठीत तुटणे आणि तोडणे, सुटणे आणि सोडवणे, निघणे आणि काढणे अशा जोड्या असल्याने करणारा कोण हे क्रियापदातूनच कळते. इंग्रजीत तसे नेहमी होत नाही. ‘सेपरेट’ हे दोन्हीकडे सहज चालते, तेल पाण्यापासून स्वतःहून ‘सेपरेट’ होते आणि यंत्रही ते ‘सेपरेट’ करते. ‘डिस्कनेक्ट’ माणूस सर्व्हरपासून स्वतः होतो, फोनचा संपर्कही होतो, पण नळीबाबत ते एकटे वापरले तर करणारा कोण हे संदिग्ध राहते. ‘सेव्हर’ला तर जवळजवळ नेहमीच कर्म लागते. म्हणून आज्ञार्थी वाक्ये लिहा, प्रयोग बदलू नका, आणि आपोआप घडणाऱ्या गोष्टींना घाटमाथा यांनी सुचवल्याप्रमाणे निराळे शब्द द्या.

पुस्तिका प्रशिक्षणात मोठ्याने वाचली जाणार असेल, तर ‘सेपरेट’चा उच्चारही सांगून ठेवावा. क्रियापदाचा शेवट ‘रेट’ असा स्पष्ट होतो. विशेषणाचा शेवट आखूड, ‘सेपरट’ किंवा ‘सेप्रट’ असा ऐकू येतो. ‘सेपरेट व्हॉल्व्ह’ ऐकून शिकाऊ मुलाने व्हॉल्व्ह उघडायला घेऊ नये, एवढाच हेतू.

पुस्तिकाकार

सर्वांचे मनापासून आभार. वरिष्ठांना हा धागा दाखवला आणि आलटून पालटून शब्द वापरण्याची सूचना त्यांनी मागे घेतली. हमीचे पान होते तसेच राहील. आता मसुद्याचा क्रम असा आहे. मोटर थांबवा. मोटरचा वीजपुरवठा ‘आयसोलेट’ करा, कुलूप व फलक लावा आणि मीटरने तपासा. सक्शन आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद करा. ड्रेन प्लग उघडून केसिंगमधील पाणी व दाब काढून टाका. सीलची नळी झाकणापासून ‘डिस्कनेक्ट’ करा. गेज काढा. कपलिंगचे संरक्षक जाळे काढा. स्पेसर काढा. केसिंगचे नट काढा. जॅक स्क्रूंनी झाकण केसिंगपासून ‘सेपरेट’ करा. फिरता भाग मागे ओढून बाहेर घ्या.

‘डिटॅच’ची आता कोठेच गरज उरली नाही. एक शंका राहिली आहे. परत जुळणी करण्याच्या प्रकरणात हीच क्रियापदे उलट करून वापरावीत का?

अनुवादिका

क्रम चांगला झाला आहे. ‘डिटॅच’ गळला याचे वाईट वाटून घेऊ नये, तो या कामाचा शब्द नव्हता.

जुळणीच्या प्रकरणात, जेथे जोडी खरोखर अस्तित्वात आहे तेथेच ती वापरावी. ‘डिस्कनेक्ट’ केलेली नळी ‘कनेक्ट’ करा असे लिहिता येईल. ‘रिमूव्ह’ केलेल्या गेजला, जाळ्याला आणि स्पेसरला ‘इन्स्टॉल’ लावावे. ‘आयसोलेट’ची उलट कृती लिहिताना मात्र एका क्रियापदावर भागवू नये, कारण तेथे माणसे दूर आहेत हे पाहणे, हत्यारे मोजून बाजूला घेणे, कुलूप ज्याने लावले त्यानेच ते काढणे आणि मग पुरवठा सुरू करणे अशा वेगवेगळ्या कृती आहेत, आणि वीजतंत्री यांच्या सल्ल्याने त्या प्रत्येकीला स्वतंत्र वाक्य द्यावे. पुरवठा आल्यावर मोटर क्षणभर चालवून फिरण्याची दिशा पाहायची असेल, तर शाफ्टवर आट्यांनी बसवलेले इम्पेलर (पाणी ढकलणारे फिरते चक्र) असलेल्या पंपांत ती तपासणी स्पेसर बसवण्याआधीच करावी लागते, कारण उलट फिरल्यास इम्पेलर सुटू शकतो. आपला पंप कोणत्या प्रकारचा आहे हे डिझाइन विभागाला विचारून ती पायरी योग्य जागी घाला.

‘सेपरेट’ला सरळ उलट क्रियापद नाही. झाकण परत बसवण्याआधी दोन्ही पृष्ठे खरवडून स्वच्छ करावी लागतात, जॅक स्क्रू मागे घ्यावे लागतात आणि जुने गॅस्केट पुन्हा वापरायचे नसते, म्हणून ‘नवे गॅस्केट बसवा’ ही पायरी झाकण बसवण्याच्या आधी स्वतंत्रपणे लिहा.